लाँगआर्म घ्यावी का? (तळघर, गुडघे आणि १४ टॉप)

फुलगोधडी | ११ जानेवारी, रात्री १०:४०

क्विल्टिंगच्या (तुकडे जोडून तीन थरांची गोधडी शिवण्याच्या) जुन्या धाग्यावर विचारलं तर प्रश्न वाहून जाईल, म्हणून नवा धागा काढतेय: लाँगआर्म, म्हणजे क्विल्टचे थर एकत्र शिवायची मोठी मशीन, घ्यावी का? विषयही धाग्याचाच आहे, त्यामुळे चालून जावं.

मी ओव्हरलँड पार्कला राहते, कॅन्सस सिटीला लागूनच. आठ वर्षं झाली क्विल्ट करायला लागून. कापणं, तुकडे जुळवणं, टोकाला टोक बसवणं यात माझे शनिवार-रविवार कुठे जातात कळत नाही. टॉप, म्हणजे तुकड्यांचा वरचा थर, तयार झाला की मात्र गाडी अडते. खाली अस्तर अंथरा, चिकटपट्टीने ताणा, त्यावर बॅटिंग (मधला मऊ थर), त्यावर टॉप, आणि मग ३००-४०० सेफ्टी पिना लावत त्यावरून रांगत फिरा. गेल्या दिवाळीच्या आधी अशीच रांगत होते आणि उठताच येईना. लेकाने हात धरून उठवलं. त्यानंतर माझ्या मशीनचा गळा, म्हणजे सुई आणि मशीनचा खांब यांच्यामधली जागा, जेमतेम आठ इंच. त्यातून ९० इंची क्विल्टची वळकटी सरकवणं म्हणजे बोळात म्हैस वळवणं.

म्हणून मोठी क्विल्ट इथल्या एका लाँगआर्मवाल्या बाईंकडे देते. गेल्या वर्षी ७ दिली, नुसते टाके घालण्याचे ८७० डॉलर झाले. काम सुंदर करतात, पण नंबर चार-चार महिन्यांनी लागतो. कपाटात आत्ता १४ टॉप घडी घालून पडलेत. त्यातला एक आजीच्या लुगड्यांचा. तो तर कुणाच्या हातात द्यायची हिंमतच होत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नेहमीच्या मशीनवर सुई जागेवर असते आणि आपण कापड सरकवतो. लाँगआर्मवर उलटं. कापड लांबलचक चौकटीवर रुळांना गुंडाळून ताणलेलं असतं आणि आपण मशीनच दोन मुठींनी धरून त्यावर फिरवतो. अस्तर आणि टॉप वेगवेगळ्या रुळांवर चढतात, बॅटिंग मधे, त्यामुळे पिना नाहीत, रांगणं नाही.

समोर तीन पर्याय आहेत. नवीन छोटी, १५ इंची गळ्याची, कमी लांबीच्या चौकटीसकट साधारण ६,५००. जुनी १८ इंची, १२ फुटी चौकट, ७,०००. आणि कॉम्प्युटरवर नक्षी काढणारी, जिचा भाव ऐकून नवरा पाणी प्यायला उठला (२४,०००).

तळघर आहे. त्यात सध्या पिंगपाँगचं टेबल आणि पाहुण्यांचा पलंग. जुलैत सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतील. माझा विचार असा की मशीन घ्यायची, बाहेरची क्विल्ट घ्यायची, दोन वर्षांत पैसे वसूल. कुणी केलंय का हे?

उसवण | ११ जानेवारी, रात्री ११:०५

चटई टाकून बसले आहे.

मोजपट्टी | १२ जानेवारी, सकाळी ७:२०

मला शिवणातलं काही कळत नाही, बायको करते. आकडेमोड मात्र जमते.

८७० वाचतील असं धरलंत, पण दोरा, सुया, तेल तुम्हालाच आणावं लागणार. क्विल्टमागे १० डॉलर धरा, ७० गेले. वर्षातून एकदा मशीन तपासून घ्यायचे २५० धरले. उरले ५५०. सात हजार भागिले साडेपाचशे, पावणेतेरा वर्षं. तोवर तुमचा लेक ड्रायव्हिंग शिकून कॉलेजही संपवेल.

फक्त स्वतःच्या क्विल्टसाठी घेत असाल तर हिशेबाच्या नादी लागू नका, तो बसत नाही. धंद्यासाठी घेत असाल तर हिशेब वेगळा आहे, पण मग तो नीट करा.

शेवंता_बे_एरिया | १२ जानेवारी, सकाळी ९:४५

बाहेरची कामं घेणार म्हणतेस, तुझा व्हिसा कुठला? चोंबडेपणा वाटेल, पण विचारलेलं बरं.

फुलगोधडी | १२ जानेवारी, दुपारी १२:३०

एच-४, नवऱ्याच्या व्हिसावर मिळालेला. ईएडी (काम करायच्या परवान्याचं कार्ड) होतं, संपलं. नूतनीकरणाचा अर्ज टाकलाय. शेवंता, अगदी दुखऱ्या जागी बोट ठेवलंस बघ. पण हे काही नोकरी नाही ना? घरच्या घरी, चार मैत्रिणींचं काम.

शेवंता_बे_एरिया | १२ जानेवारी, दुपारी १:१०

घरच्या घरी असलं तरी मोबदला तो मोबदला. पैशांऐवजी कुणी कापड दिलं किंवा बॅटिंगचा रोल आणून दिला तरी तेच. नवं कार्ड हातात येईपर्यंत एक सेंटही घेऊ नकोस, आणि शंका असली तर वकिलाला विचार, आम्हाला नको. २०१५ च्या नियमामुळे एच-४ वाल्यांना ईएडी मिळायला लागलं खरं, पण ते कधी संपतं, कधी अडकतं, यावर सात हजारांची मशीन बेतायची म्हणजे पावसाच्या अंदाजावर लग्नाचा मांडव घालणं.

मोजपट्टी | १२ जानेवारी, दुपारी १:४०

शेवंता यांना अनुमोदन. आणि कार्ड आल्यावरसुद्धा: खर्च वजा जाता ४०० डॉलरच्या वर उरले की १५.३ टक्के स्वयंरोजगार कर आहे. तो टाळायला ‘हा माझा छंद आहे’ म्हणालात तर २०१८ पासून छंदाचा खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. मिळालेले पैसे दाखवायचे, मशीन-दोरा-सुया सगळं आपल्या खिशातून.

आडवाधागा | १२ जानेवारी, रात्री ९:१५

आता मी बोलते. डॅलसजवळ सात वर्षं लाँगआर्मचं काम करते, पैसे घेऊन, रीतसर कंपनी काढून.

आधी धंद्याचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच नक्षी (आम्ही ‘एज टू एज’ म्हणतो) असेल तर दर चौरस इंचाला असतो. माझ्याकडे २ सेंट. साधं ६० बाय ८० चं क्विल्ट म्हणजे ४,८०० चौरस इंच, म्हणजे ९६ डॉलर. ऐकायला छान वाटतं. आता वेळ बघ. क्विल्ट चढवायला ४० मिनिटं. हाताने नक्षी घालायला मला आता तीन तास, पहिल्या वर्षी पाच लागायचे. उतरवणं, कडेचं जास्तीचं कापणं, फोटो, ईमेल, ‘फिकट निळा दोरा की राखाडी’ यावर अर्धा तास चर्चा. त्यात बाईंचा टॉप सरळ नसतो. कडा लाटेसारख्या फुगलेल्या असतात, कारण बॉर्डर न मोजता लावलेली. त्या फुगवट्याला मी चुण्या न पडता कसं बसवणार? पण चुणी पडली की माझं नाव.

पहिल्या वर्षी दुसऱ्याच्या क्विल्टला हात लावायचा नाही. किमान वीस क्विल्ट आपली स्वतःची करायची. तुझ्याकडे १४ पडलेत म्हणजे चांगली सुरुवात आहे.

सगळ्यात जास्त रडवतो तो ताण. वरच्या दोऱ्याचा आणि बॉबिनचा, म्हणजे खालच्या दोऱ्याचा, ताण जुळला नाही की वळणावर खालच्या बाजूला बारीक बारीक दोऱ्यांची रांग उमटते, डोळ्यांच्या पापण्यांसारखी. वरून सगळं झकास दिसतं. क्विल्ट उतरवून उलटं केलं की कळतं, आणि मग बसा उसवत. म्हणून अर्धी ओळ झाली की खाली वाकून, हवं तर आरसा धरून बघायची सवय लावायची. बॉबिनचा ताण मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते पहिल्या दिवशी घे. बॉबिन बदलताना प्रत्येक वेळी आतला कचरा झटकायचा आणि हुकला (बॉबिनभोवती फिरणाऱ्या भागाला) तेलाचा एक थेंब.

आणि १८ इंची गळा म्हणजे १८ इंच नक्षी नव्हे. झालेलं क्विल्ट मागच्या रुळावर गुंडाळत जातं, तो रूळ त्याच गळ्यात बसलेला असतो. जाड बॅटिंग असेल तर शेवटी शेवटी हातात दहा-अकरा इंच उरतात. १५ इंचीवर किती उरेल तूच बघ.

उसवण | १२ जानेवारी, रात्री ९:५०

आडवाधागाताई, ‘बसा उसवत’ म्हणताना माझी आठवण काढल्याबद्दल आभारी आहे.

गल्लीतला_गोविंद | १३ जानेवारी, सकाळी ६:५५

सात हजार डॉलरची मशीन घेऊन पांघरूण शिवायचं? मॉलमध्ये ३० डॉलरला मिळतं, धुवायलाही सोपं.

उसवण | १३ जानेवारी, सकाळी ८:१०

गोविंदराव, बाजारात मासेही मिळतात, तरी लोक गळ टाकून बसतातच की.

वाकळवाली | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

मी कराडची. अमेरिकेतलं काही ठाऊक नाही, पण हे वाचून गंमत वाटली. आमच्याकडे वाकळ शिवायला एक मावशी यायच्या. त्यांची ना चौकट, ना पिन. वाड्याच्या सोप्यात लुगडं अंथरायच्या, आत जुनी धोतरं, परकर, फाटकी चादर, आणि काठापासून धावदोरा सुरू. चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं, मधोमध संपवायचं. बसायच्या त्या वाकळीवरच. त्यांच्या अंगाच्या वजनानेच कापड ताणलेलं राहायचं. शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी आजी त्यात पोळीचा तुकडा ठेवायची, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. आम्ही पोरं तो तुकडा नंतर चाचपून शोधायचो.

अगं फुलगोधडी, गुडघे गेले म्हणून मशीन घेतेस त्यात गैर काही नाही. त्या मावशींचेही गुडघे गेले होते. त्यांना मशीन मिळाली नाही इतकंच.

निळीशाई | १३ जानेवारी, दुपारी १२:४५ (पुणे)

मशीन न घेता गुडघे वाचवता येतात, ते आधी करून बघ. जेवणाच्या टेबलाएवढ्या लांबीच्या दोन लाकडी फळ्या घ्यायच्या. एकीवर टॉप गुंडाळायचा, दुसरीवर अस्तर. टेबलावर मध्ये बॅटिंग ठेवून थोडं थोडं उलगडत, खुर्चीत बसून पिना लावायच्या किंवा मोठे टाके घालायचे. मी आता दुसरी कुठलीच पद्धत वापरत नाही. मशीन टेबलात खाली बसवून घेतलीय, शिवणाची पातळी आणि टेबल एकसारखं. क्विल्टचं वजन लोंबत नाही, निम्मा त्रास तिथेच संपतो. गळा साधारण नऊ इंच, फक्त सरळ टीप मारणारी, जुकी कंपनीची. डबल बेडचं क्विल्टसुद्धा त्यावर होतं, संयम लागतो.

इथे भारतात लाँगआर्म आणायची म्हटलं तर मशीनपेक्षा ती बिघडल्यावर कोण येणार हा प्रश्न मोठा. जाता जाता, तुम्ही कधी परत यायचं ठरवलंत तर? तिथली मशीन १२० व्होल्टची.

फुलगोधडी | १३ जानेवारी, रात्री १०:२०

निळीशाई, फळ्यांची युक्ती या शनिवारी करून बघते. परत जाण्याचा विषय घरात दर रविवारी निघतो आणि सोमवारी मिटतो.

व्हिसाचं वाचून दोन दिवस खट्टू होते. खरं सांगायचं तर मी नवऱ्याला ‘दोन वर्षांत वसूल’ हेच सांगून अर्धं पटवलं होतं. आता ते कारणच गेलं. मग कशाला घ्यायची?

उसवण | १३ जानेवारी, रात्री ११:००

एक विचारू? तुझ्या नवऱ्याने कधी महागडी सायकल, कॅमेरा, गोल्फच्या काठ्या असलं काही घेतलंय?

फुलगोधडी | १३ जानेवारी, रात्री ११:०४

सायकल. ३,८०० डॉलर. कार्बनची आहे म्हणे.

उसवण | १३ जानेवारी, रात्री ११:०९

ती घेताना त्याने सांगितलं का, ‘सकाळी घरोघरी पेपर टाकीन, दोन वर्षांत वसूल’?

आपल्याकडे बायकांना छंदाला परवानगी लागते आणि ती परवानगी ‘चार पैसे सुटतील’ या नावाने मागायची पद्धत आहे. लोणची, रांगोळीचे क्लास, रुखवत, आता लाँगआर्म. व्हिसाने तुझं ते नाव पुसून टाकलं, बरंच झालं. आता सरळ सांग, हवीय का तुला? नको असेल तरी सांग. तेही चालेल.

शेवंता_बे_एरिया | १३ जानेवारी, रात्री ११:१५

+१०००

मोजपट्टी | १४ जानेवारी, सकाळी ७:०५

बायकोने हा प्रतिसाद मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्याकडे दोन गिटार आहेत. एकही वाजवता येत नाही.

आडवाधागा | १४ जानेवारी, सकाळी ८:३०

उसवण यांचं पटलं, पण ‘हवीय का’ याचं उत्तर खुर्चीत बसून येत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या निम्म्या जणींना तीन तासांत कळतं की त्यांना तुकडे जोडायला आवडतं, टाके घालायला नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. स्वयंपाक आवडतो म्हणून कुणी भट्टी लावत नाही.

तुम्ही तर लाँगआर्मच्या माहेरात राहता. गॅमिलचा कारखाना मिसुरीत वेस्ट प्लेन्सला, एपीक्यूएसचा आयोवात कॅरोलला. तुमच्यापासून तास-सव्वा तासावर हॅमिल्टन. तिथे २००८ मध्ये मुलांनी आईला, जेनी डोन यांना, लाँगआर्म घेऊन दिली, दुसऱ्यांची क्विल्ट करून तिच्या हाती चार पैसे यावेत म्हणून. त्यातून मिसुरी स्टार ही क्विल्टच्या सामानाची कंपनी उभी राहिली आणि आज अख्खं गाव कापडाच्या दुकानांचं झालंय. (उसवण, ‘चार पैसे’ तिथेही होतेच बरं का.) अशा भागात तासावर मशीन भाड्याने देणारं दुकान सापडेलच. आधी दोन-तीन तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, मग तासाला २०-३० डॉलर. तीन क्विल्ट तिथे कर. एक कागदी नक्षीवरून, एक समोरून मनाने, एक पट्ट्या म्हणजे रूलर लावून. मग इथे ये.

गल्लीतला_गोविंद | १४ जानेवारी, सकाळी ९:००

गळाचं उदाहरण पटलं. माझे शब्द मागे.

फुलगोधडी | ८ फेब्रुवारी, दुपारी ४:१५

आले. वृत्तांत मोठा आहे, चहा घेऊन बसा.

आधी फळ्या: निळीशाई, तुला साष्टांग. दोन टॉप जेवणाच्या टेबलावर खुर्चीत बसून पिनांसकट तयार. गुडघ्यांचा प्रश्न निम्मा इथेच सुटला. बोळातली म्हैस मात्र तशीच.

मग एका दुकानात प्रशिक्षण घेऊन भाड्याने मशीन घेतली. पहिलं क्विल्ट कागदी नक्षीवरून. यात मशीनच्या पाठीमागे उभं राहायचं, टेबलावर नक्षीचा लांब कागद, आणि मशीनमधून पडणारा लेझरचा लाल ठिपका त्या रेघेवरून फिरवायचा. टाके कापडावर पडतात, नजर कागदावर. शाळेत पुस्ती गिरवायचो ना, तसं. क्विल्ट छान झालं, मी कंटाळले. कॉम्प्युटरवाली घेऊन हेच ती करत बसणार आणि मी तिच्याकडे बघत बसणार, हे लक्षात आलं. तो पर्याय बाद. नवऱ्याला इतका आनंद झालेला मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

दुसरं समोरून, मनाने. सुरुवातीला हात जड, कोपरापासून खांद्यापर्यंत ताठ. मशीन ढकलायची नसते, नुसतं सोबत चालायचं असतं, हे कळायला तास गेला. त्यातली सोय अशी की हात हळू फिरो की जलद, टाके एकसारखे पडतात. चाकांवरचे सेन्सर किती अंतर गेलं ते मोजतात आणि सुई त्या हिशेबाने चालते. मी इंचाला ११ वर ठेवलं होतं. हळूहळू वेली यायला लागल्या. आईच्या हातची रांगोळी असायची ना, एका वळणातून दुसरं निघणारं, तसं काहीतरी. दुकानातल्या बाईने खांद्याला हात लावला तेव्हा कळलं की चार तास झालेत आणि डबा तसाच आहे.

उतरवलं, उलटं केलं. पापण्या! डाव्या अंगाला तीन ठिकाणी. दोन तास उसवत बसले. (उसवण, तुझीही आठवण आली.) आणि गंमत म्हणजे राग आला नाही. पिना लावताना यायचा तसा तर नाहीच.

तिसरं केलं नाही. तासाचा मीटर डोक्यात टिकटिकत होता. आत्तापर्यंत २४५ डॉलर भाड्यात गेलेत.

तर उसवण, उत्तर: हो. हवीय.

वाकळवाली | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:०० (इथे पहाट, झोप येईना)

डबा तसाच राहिला तिथेच ठरलं की गं.

मोजपट्टी | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:२५

भाडं चार तासांना शंभर धरलं तरी सात हजारांत २८० तास बसतात. महिन्यात आठ तास म्हटले तर जवळजवळ तीन वर्षं. जागा अडत नाही, दुरुस्ती दुकानाची, सासू-सासऱ्यांचा पलंग जागेवर. हिशेबाने भाडंच बरं पडतं हे माझं कर्तव्य म्हणून नोंदवतो. गिटारवाल्याचं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

फुलगोधडी | ८ फेब्रुवारी, रात्री ९:१०

हे बरोबर आहे, आणि मीही यावर आठवडाभर विचार केला. पण दुकान पाचला बंद होतं आणि माझा वेळ रात्री नऊला सुरू होतो.

आता प्रश्न जुन्या मशीनचा. डे मॉइनजवळची एक बाई विकतेय, साधारण तीन तासांचा रस्ता. १८ इंची, हाताने चालवायची, २०१३ सालची, १२ फुटी चौकट. हात दुखतात म्हणून विकतेय म्हणाली. काय काय बघू? आणि लुगड्यांच्या टॉपचं काय करू?

आडवाधागा | ८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

जायच्या आधी टाक्यांचा किंवा तासांचा आकडा विचार, बऱ्याच मशीनच्या पडद्यावर असतो. घरात चाललेली आणि धंद्यात चाललेली यांत जमीन-अस्मानाचा फरक. तिच्यासमोर स्वतःचा दोरा, स्वतःचं कापड लाव आणि मोठी मोठी वर्तुळं काढ, दोन्ही दिशांनी. एका दिशेला टाके सुटत असतील तर हुकचं टायमिंग हललंय. ते दुरुस्त होतं, पण भावात धर. मशीन हलकेच ढकलून सोड. सरळ जायला हवी, अडखळली तर चाकाला सपाटी आलीय किंवा रुळात दोरा अडकलाय. हळू फिरवून आणि जोरात फिरवून टाक्यांची लांबी पट्टीने मोज, सेन्सरची परीक्षा तीच. रूलर वापरायचे असतील तर त्यासाठीचा बेस (सुईखालची रुंद पाटी) आणि पाय मिळतोय का बघ. आणि त्या कंपनीचा दुरुस्तीवाला तुझ्या गावापासून किती लांब आहे, हे मशीन बघायच्या आधी शोध, नंतर नाही.

खोली: १२ फुटी चौकटीला लांबीत १४-१५ फूट आणि रुंदीत आठेक फूट, कारण तुला पुढे आणि मागे दोन्हीकडे उभं राहायचंय. चौकट समतोल नसेल तर मशीन आपोआप उताराला जाते, तळघराच्या फरशीला पाण्याच्या ड्रेनकडे उतार असतो हे विसरू नकोस.

लुगडी: घाई करू नकोस. लाँगआर्मची सुई घरगुती सुईपेक्षा जाड. जुन्या सुतात ती भोकं पाडत जाते आणि धुतल्यावर कापड त्याच रेषेत विरतं. चढवताना टॉप रुळाला लावून ताणू नकोस. अस्तर ताण, त्यावर बॅटिंग आणि टॉप नुसते सोडून दे, वरची कड तेवढी टाचून. लुगड्याला मागून व्हॉइल (पातळ झिरझिरीत कापड) लावलंस तर उत्तम. नक्षी विरळ. काठात जरीचं काम असेल तर तिथे सुई न्यायचीच नाही. आणि हे सगळं एकविसाव्या क्विल्टला, पहिल्याला नाही.

वाकळवाली | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

किंवा लुगड्यांची हाताने शिव. धावदोऱ्याला काय लागतं, एक सुई. थंडीत मांडीवर घेऊन बसलीस की पायही उबदार राहतात.

फुलगोधडी | ९ फेब्रुवारी, रात्री ९:३०

काकू, हे ऐकून एकदम हलकं वाटलं. लुगड्यांची हातानेच. बाकीचे टॉप मशीनवर.

शेवंता_बे_एरिया | ९ फेब्रुवारी, रात्री ९:४२

कार्ड येईपर्यंत हात चालू ठेवायचा असेल तर प्रोजेक्ट लायनस बघ, आजारी आणि अडचणीतल्या मुलांसाठी पांघरुणं देतात. आकार छोटे, रंग भडक चालतात, आणि तुझे टॉप संपल्यावर सराव थांबायला नको.

उसवण | २१ फेब्रुवारी, सकाळी १०:००

पुढे काय झालं? चटई अजून गुंडाळलेली नाही.

फुलगोधडी | २२ फेब्रुवारी, रात्री १०:५५

काल डे मॉइनला जाऊन आलो. बाई सत्तरीच्या, तळघर आरशासारखं. आडवाधागाताई, तुमची यादी हातात धरून सगळं केलं. वर्तुळं दोन्ही दिशांनी, एक टाका सुटला नाही. चाकं ठीक. पडद्यावरचा आकडा बघितला, घरगुती वापराचाच निघाला. रूलर बेस, डझनभर रूलर, दोऱ्याचे ४० कोन आणि बॅटिंगचा अर्धा रोल असं सगळं मिळून ६,४०० वर ठरलं. बाईंनी मशीनवरून हात फिरवला आणि आत निघून गेल्या, पैशांचं त्यांच्या लेकीने केलं. आगाऊ ५०० देऊन आलो.

सासूबाईंना व्हिडिओवर सांगितलं. पहिला प्रश्न: ‘मग आम्ही निजायचं कुठे?’ रास्त आहे. नवऱ्याचं ऑफिस तळघरात जाणार होतं, ते आता जेवणघराच्या कोपऱ्यात आणि पलंग वर. पिंगपाँगचं टेबल मोजपट्टींच्या गिटारींसारखं भिंतीला उभं राहील.

खरी भानगड आज उघडकीला आली. चौकट नटबोल्ट काढून सुटी होते, पण या जुन्या चौकटीचे रूळ अखंड आहेत, १२ फुटी, मधे जोड नाही. आमच्या तळघराचा जिना मधे वळतो. नवऱ्याने दुकानातून नळाचे प्लॅस्टिकचे पाइप आणून तालीम केली. १० फुटी पाइप वळला. १२ फुटी छताला आणि कठड्याला एकदम अडला, भिंतीचा रंगही थोडा निघाला. आता एकच वाट, तळघराची आपत्कालीन खिडकी. तिच्या बाहेरच्या खड्ड्यात फूटभर बर्फ आहे.

आडवाधागा | २२ फेब्रुवारी, रात्री ११:२०

खिडकीतून जातात, माझेही तसेच गेले. रूळ कापडात गुंडाळून घे, कडेला एक ओरखडा पडला तरी अस्तर त्यात अडकत राहतं. आणि मशीनचं डोकं गाडीत सीटवर, पट्टा लावून, मागच्या डिकीत आडवं नाही.

फुलगोधडी | २३ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

येत्या शनिवारी बर्फ वितळलेलं असेल असा अंदाज आहे. ओव्हरलँड पार्क, ओलेथ, लेनेक्सा भागात कुणाकडे पिकअप आहे का? रूळ आमच्या मिनीव्हॅनमध्ये मावत नाहीत. सकाळी सातला निघून संध्याकाळी परत. पेट्रोल माझं, आणि होळी तोंडावर आहेच, पुरणपोळ्या देईन.

गल्लीतला_गोविंद | २३ फेब्रुवारी, सकाळी ८:३१

लेनेक्सात राहतो. आठ फुटी बेडचा पिकअप आहे, रूळ मागे चार फूट बाहेर येतील, लाल फडकं बांधू. मासेमारीचं सामान शुक्रवारी उतरवून ठेवतो. पत्ता खाजगी निरोपात कळवा.